हाताचं माप

सांगलीत मी वर्षातून दोनदा येतो,
काटे तपासायला.
मार्केट यार्डात दिवसभर हळद,
राजापुरी, सेलम, आणखी कुठली कुठली.
संध्याकाळी शिंकलो की रुमाल पिवळा.
नाक बंद, भूक मात्र उघडी,
आणि ती एकच गोष्ट मागते:
कोळशावर भाजलेलं काहीतरी,
कडेनं जरासं करपलेलं.

अडत्या म्हणाला, हायवेला नवीन झालंय, एसी आहे.
तिथं मागच्या खेपेला गेलो होतो.
दारावर दिव्यांची लाल कोंबडी,
ताटातली मात्र आतून गार.

रिक्षावाला भुजंग म्हणाला,
"पाव्हणं, माझ्या मेव्हण्याचंच हाय की,"
आणि रिक्षा वळवलीसुद्धा.
मेव्हण्याकडं भट्टी होती,
तिच्या काठावर पोरांचे ओले बूट वाळत होते.

हमालांनी पाच नावं सांगितली,
मग पाचांवरून आपसातच जुंपली त्यांची.
निकाल लागेपर्यंत थांबलो असतो
तर अजून तिथंच असतो.

लॉजच्या काउंटरवर नेमिनाथ उपाध्ये.
दिवस मावळायच्या आत जेवून,
चूळ भरून, वही उघडून बसलेले.
त्यांना असलं काय विचारायचं?
मी नुसती किल्ली मागितली.
त्यांनी किल्ली हातात धरूनच ठेवली.
"मिरजेला जावा. सतारीची दुकानं संपतात तिथं
दस्तगीर मुलाणी. सात ते दहा.
नंतर गेलात तर राख मिळंल."

तुम्हाला कसं ठाऊक?

"तीस वर्षं या खुर्चीत आहे.
दुसरीकडनं जेवून आलेला माणूस बोलत येतो,
बिल किती झालं, तिखट किती होतं.
मुलाण्याकडनं आलेला गप्प येतो.
आणि सकाळी एक रात्र वाढवून घेतो."

मिरजेत नाक कामाचं नव्हतंच,
डोळ्यांनी धूर शोधत गेलो.
उभा कापलेला पिंप, त्यावर सळया,
विस्तव धरायला
सतारमेकरांकडचा लाकडाचा भुसा.
आणि वारा घालायला एक्स-रेची फिल्म,
इथल्याच कुठल्यातरी दवाखान्यातली.
कुणाच्यातरी बरगड्या
वरखाली होत होत्या निखाऱ्यांवर,
जणू तो माणूस अजून श्वास घेतोय.

दस्तगीरभाईंच्या उजव्या हाताला
कोपरापर्यंत एक केस नाही.
बोलणं कमी. सळई फिरवायची वेळ झाली
की बोलणाऱ्याकडंही बघायचे नाहीत.
गिऱ्हाईक म्हणालं पाव, अर्धा,
की ते हातानं उचलून कागदावर ठेवायचे.
काटा नाही.
मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
फळीखाली वाकूनही पाहिलं. नाही.

वीस वर्षं माझी भाकरी
हातावर विश्वास नसण्यावर चालते.

पाव किलो बांधून घेतलं.
खोलीवर दार लावून,
चोरासारखा, तपासणीचा काटा काढला.
कागद वजा, कांदा वजा, लिंबू वजा.
दोनशे एकसष्ट.
दुसऱ्या रात्री दोनशे साठ.
तिसऱ्या रात्री भरपूर गर्दी होती,
एक पोरगं रडत होतं, कोळसा संपत आला होता,
तरी दोनशे एकसष्ट.

मग गार व्हायच्या आत खाल्लं.
कडेनं करपलेलं, आत ओलं,
आणि कुठल्याशा घासाला
नाक अचानक मोकळं झालं:
धूर, चरबी, तासलेलं लाकूड,
आणि मागून हळूच, माझ्याच बोटांची हळद.

खाली आलो तर उपाध्यांनी
खुर्ची खिडकीकडं सरकवली,
नाकाला उपरणं लावलं,
आणि काही न विचारता
वहीत माझ्या नावापुढं चौथी रात्र लिहिली.

माझ्या फॉर्मात चुकीचे दोन रकाने आहेत,
कमी आणि जास्त.
दुसरा मी आजवर कधी भरला नव्हता.
त्या रात्री पेन काढलं,
तारीख टाकली, गाव टाकलं,
आणि काट्याचा नंबर विचारतात
तिथं येऊन थांबलो.